टाके नसलेलं ऑपरेशन

माझ्या पिशवीचा निकाल लागला तो आमच्या भांड्यांच्या दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या देखत. पिशवी म्हणजे गर्भाशय. पण गर्भाशय हा शब्द आमच्याकडं फक्त दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्राखाली लिहिलेला असतो. बोलताना सगळे पिशवीच म्हणतात, जशी काही ती खुंटीवर टांगलेली आहे आणि नको झाली की उतरवून ठेवता येते. मी डबा घेऊन दुकानात गेले, तर आमचे हे आणि माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट काउंटरवर पसरून बसलेले. समोर आर्वीकडचा एक माणूस, पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेला. तो म्हणाला, "आमच्या घरच्यांची बी काढली ना बावा. आता एकदम टनटनीत हाय." भासऱ्यांनी मान हलवली. त्यांची पाहून यांनी हलवली. झालं, ठरलं. मला कोणी काही विचारलं नाही. म्हणजे विचारलं, त्या माणसानं विचारलं, की वहिनी, पाणी तापवायला हा गंज बरा का तो बरा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सदतीस वर्षांची, दोन मुलं झालेली. सासर बोरगाव मेघेचं, दुकान वर्ध्यात, माहेर हिंगणघाटकडच्या वडनेरचं, शेतीवाल्यांचं. बी.एस्सी. झालेली सून म्हणून मला मोठ्या कौतुकानं करून आणलं होतं. आणल्यावर त्या बी.एस्सी.चा उपयोग एवढाच झाला, की औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते मी सगळ्यांना वाचून दाखवायचं. दोन वर्षांपासून माझी पाळी दहा-दहा दिवस चालत होती. रक्ताच्या गुठळ्या पडायच्या, चार पायऱ्या चढले की धाप लागायची. हे मी कोणाला सांगितलं नाही. मी तरी काय कमी मूर्ख होते! शेवटी एका सकाळी नळावर चक्कर येऊन पडले, तेव्हा घराला कळलं की बाई आजारी आहे. तोवर सगळ्यांचं मत होतं की मी आळशी झाले.

मग डॉक्टर. गावातला मोठा डॉक्टर, बाहेर चपलांचा ढीग. त्यानं मला तपासलं आणि बोलला मात्र यांच्याशी. म्हशीला दाखवायला नेलं की गुरांचा डॉक्टर मालकाशीच बोलतो ना, तसं. "गाठ आहे. मुलं किती? दोन? मग काढून टाकू. आता ठेवून काय तिचं लोणचं घालायचं आहे?" आणि आमचे हे हसले. त्या डॉक्टरचा मला एवढा राग नाही. त्याला सगळं जग ऑपरेशनच्या टेबलावर आडवं दिसत होतं, त्याला काय बोलायचं. पण ते हसणं मी आजतागायत विसरले नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

घरी तर आनंदच झाला. आजारी माणसाबद्दल आनंद कसा होतो ते सांगते. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. सोवळ्यातला स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा, शंभर-सव्वाशे पान. आदल्या वर्षी नेमकी जेवणाच्या दिवशी माझी पाळी आली आणि मी मागच्या खोलीत बसले. सगळं माझ्या जाऊबाईवर पडलं. सासूबाईंनी ते वर्षभर गिळलं नव्हतं. आता रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "बरंच झालं वं माय. उन्हाळ्यात काढून घे. महालक्ष्म्यांपर्यंत मोकळी होशीन." मोकळी! आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया अशा मोकळ्या झालेल्या होत्या. चाळिशीच्या आतल्या. "झालं का तुहं?" असं एकमेकींना विचारायच्या, जसं उन्हाळ्यात पापड-कुरड्या झाल्या का विचारतात. एकीला गाठ होती, एकीला पांढरं जात होतं, एकीला नुसता कंटाळा आला होता. उपाय सगळ्यांना एकच. मी वडनेरला आईला विचारलं, तर ती म्हणाली, "काढून टाक बाई, माही बी काढली, तुह्या काकूची बी काढली." जणू आमच्या खानदानात ती रीतच होती.

माझ्या जाऊबाईचीही काढलेली होती. तेहतिसाव्या वर्षी. तिला पाळीत पोट दुखायचं, बस. त्यानंतर ती जी बदलली ती बदललीच. पौषातल्या थंडीत पदरानं वारा घेत बसायची, गुडघे धरायची, उगाच रडायची, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "काई नाई, मोकळी झाली मी." फार साधी बाई. सातवी शिकलेली, सासूबाईंच्या शब्दाबाहेर नाही, कोणी काही म्हटलं की "हव" म्हणणारी. मला तिचा कंटाळा यायचा. खोटं कशाला सांगू, मी तिला मनातल्या मनात गाय म्हणायची.

मला पिशवी का ठेवायची होती? लोक समजतात काहीतरी मोठं कारण असेल. मूल मला नको होतं, दोन पुरे होते. पण जाऊबाईला रोज पाहत होते आणि मला तसं व्हायचं नव्हतं. आणि दुसरं, पिशवी माझी होती, चांगली होती, त्यात एक गाठ होती. वांग्यात कीड निघाली तर आमच्या सासूबाई तेवढा भाग कापून उरलेलं वांगं भाजीत टाकतात. वांग्याला जेवढा विचार मिळतो तेवढा मला मिळावा, एवढीच माझी मागणी होती.

आशा दाखवली ती सोनोग्राफी करणाऱ्या पोरीनं. पोरगीच ती, नवीन डॉक्टर झालेली. रिपोर्ट द्यायच्या वेळी तिनं दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "काकू, गाठ लहान आहे आणि पिशवीच्या आतल्या अंगाला आहे. अशी गाठ दुर्बिणीनं खालूनच काढता येते, पोट न कापता. इथं होत नाही. नागपूरला एकदा दाखवून या. माझं नाव सांगू नका." एवढी खरी गोष्ट सांगायला तिला दार लोटावं लागलं! चोरी करत होती का ती?

मी घरी सांगितलं. भासरे म्हणाले, "नागपूरवाले लुबाडतेत." हे म्हणाले, "दादा म्हनते ते बरोबर हाय." सासूबाईंनी चतुर्थीला केळझर गाठलं आणि सोनोग्राफीचं पाकीट गणपतीच्या पायाशी ठेवून आल्या. आल्यावर म्हणाल्या, "त्यानं कौल देल्ला. काढाच लागते." मी विचारलं, "देवानं रिपोर्ट वाचला काय?" त्या दिवशी घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. फार बरं वाटलं.

आठ दिवस मी भांडले. माझं शरीर, माझा जीव, मला भीती वाटते, सगळं बोलून पाहिलं. भिंतीशी बोलणं बरं. शेवटी माझ्या लक्षात आलं की या घराला कोणती भाषा समजते. मी सकाळी चहा देताना सगळ्यांसमोर म्हटलं, "ठीक हाय, काढते पिशवी. पोट फाडल्यावर सहा महिने वजन उचलाचं नाई म्हनते डॉक्टर. पानी भरनार नाई, पाटा-वरवंटा नाई, पुरनाचं यंत्र फिरवनार नाई. महालक्ष्म्यांचा सैपाक कोन करते ते पाहून ठेवजा. आन् दुर्बिणीनं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी, दोन दिवसांत उठून उभी." सासूबाईंनी भरली बशी खाली ठेवली. मग सासूबाई म्हणाल्या, "दाखवून ये मंग नागपूरले. दाखवाले का जाते." माझ्या भीतीनं जे झालं नाही ते पुरणाच्या यंत्रानं झालं. अशी ही माणसं! आणि अशा माणसांकडून परवानगी मिळाली म्हणून मला आनंद झाला, तर मी तरी कोण मोठी.

लग्नसराई म्हणून यांना दुकान सोडवेना. माझ्यासोबत जाऊबाईला पाठवलं. सोबत म्हणजे पहारा. मी तिथं परस्पर काही करून बसू नये म्हणून सासूबाईंनी तिला बसमध्ये बसवून दिलं होतं, "ध्यान ठेवजो" म्हणून बजावून.

नागपूरची डॉक्टरीण पन्नाशीची होती, चष्मा नाकाच्या टोकावर. ती माझ्याशी बोलली. एवढ्या साध्या गोष्टीनं माझ्या डोळ्यात पाणी आलं, लाज वाटावी असं. तिनं कागदावर पिशवीचं चित्र काढलं आणि समजावलं. म्हणाली, गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. काही गाठी त्रासच देत नाहीत, त्यांना हातही लावायचा नसतो, नुसतं लक्ष ठेवायचं. काहींना गोळ्या-इंजेक्शनं देऊन थोडे दिवस आटवता येतं. बाहेरच्या अंगाची असेल तर पोटाला दोन-तीन लहान छिद्रं पाडून दुर्बिणीनं काढता येते. मुंबईत तर आता गाठीला रक्त नेणारी नळी आतूनच बंद करून गाठ वाळवायलाही लागले आहेत. पिशवी काढायची वेळही येते, ती म्हणाली, पण ती शेवटी, आधी नाही. "तुमची आत आहे, बोराएवढी. खालून दुर्बीण घालून खरवडून काढू. कुठं कापायचं नाही, टाका नाही. पुन्हा होणारच नाही असं मी लिहून देत नाही. आणि आधी रक्त वाढवा, एवढ्या कमी रक्तावर मी हात लावणार नाही."

जाऊबाई शेजारच्या खुर्चीवर हातात पिशवी घेऊन बसली होती. आमच्या डब्याची कापडी पिशवी. डॉक्टरणीनं तिलाही विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" तिनं मान हलवली, नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली. बुटीबोरी गेलं, केळझर गेलं, सेलू आलं, बाई एक शब्द बोलली नाही. मी मात्र अखंड बडबडत होते, पाहा कसं सोपं आहे, पाहा कसे सगळे गाढव आहेत, लहानशा गाठीसाठी आख्ख्या बायका कापत सुटले आहेत. ती "हव" म्हणाली. मला वाटलं, हिला काही समजलं नाही.

महालक्ष्म्या अडायला नकोत म्हणून घरानंही होकार दिला. दोन महिने लोहाची इंजेक्शनं घेतली आणि श्रावणात ऑपरेशन झालं. हे आले होते. बाहेर बाकावर पेपर वाचत बसले. मला भूल दिली, उठले तेव्हा झालेलं होतं. पोटात पाळीसारखं दुखत होतं, थोडं रक्त जात होतं, बाकी काही नाही. मी पोटावर हात फिरवून पाहिला. जसंच्या तसं पोट! पिशवी जागेवर होती. मी भुलीच्या अर्धवट गुंगीत नर्सला तीनदा विचारलं, "हाय ना?" ती म्हणाली, "आहे हो बाई, झोपा."

दुसऱ्या दिवशी घरी आले आणि खरी गंमत सुरू झाली. आमच्या गल्लीत ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला येण्याची पद्धत आहे. बिस्किटाचा पुडा आणायचा, पलंगाशी बसायचं, आणि मग हळूच म्हणायचं, "पाहू बरं, किती टाके हाय?" मग ती बाई लुगडं सरकवून पोट दाखवते. पाहणाऱ्या बाया जीभ चावतात, मोजतात, आपल्या टाक्यांशी ताडून पाहतात. जिचे जास्त तिचा मान जास्त. चाळीस दिवस तिला कोणी कामाला हात लावू देत नाही. डिंकाचे लाडू येतात. आमच्या बायांना आयुष्यात मिळणारी तेवढीच एक सुट्टी, आणि तिच्यासाठी पोट फाडून घ्यावं लागतं.

माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. शेजारीण म्हणाली, "टाके?" मी म्हटलं, "नाई." "एक बी नाई?" "नाई." तिनं सासूबाईंकडं पाहिलं, सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "मंग कायचं ऑपरेशन वं?" दुसरी म्हणाली, "नुसती तपासणी केली असन." तिसरी तर आणलेला बिस्किटाचा पुडा जाताना तसाच घेऊन गेली. देवाशप्पथ सांगते, घेऊन गेली. सासूबाईंना इतकी शरम वाटली की नंतर येणाऱ्यांना त्या बाहेरूनच सांगायला लागल्या, "काई नाई झालं, नागपूरले दाखवाले गेलती." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या पलंगाशी कणकेची परात आणून ठेवली. "दोन दिवसांत उठतो म्हनली होतीस ना तू?" म्हणाले होते. उठले आणि पोळ्या लाटल्या. माझ्याच शब्दानं मला बांधून टाकलं आणि वरून मला ढोंगीही ठरवलं. हे जेवायला बसले आणि म्हणाले, "पोळ्या छान झाल्या." त्या दिवशी परात डोक्यात घातली नाही, हे माझे या घरावरचे उपकार.

पुढची पाळी आली ती चार दिवसांची. साधी, सरळ, लहानपणी असायची तशी. मी न्हाणीत एकटीच उभी राहून हसले. कोणाला सांगणार?

महालक्ष्म्यांना आठ दिवस राहिले होते. दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी आणि जाऊबाई मागच्या खोलीत हरभऱ्याची डाळ निवडत होतो. ती मध्येच थांबली. सुपाकडं पाहतच म्हणाली, "एक इचारू काय?"

मी म्हटलं, "इचारा ना बाई."

"माही बी अशीच निंगाली असती काय?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, ती तिच्या गाठीचं विचारत होती. नागपूरच्या त्या खुर्चीवर बसून तिनं एकूण एक शब्द ऐकला होता. बसच्या खिडकीशी बसून ती हाच हिशोब घालत होती, आणि मी शेजारी बसून गाढवांच्या गोष्टी सांगत होते. तिला गाय म्हणणारी मी!

आणि मला उत्तर माहीत होतं. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर काढलेली पिशवी ट्रेमध्ये घालून बाहेर घेऊन आला होता, नातेवाइकांना दाखवायला. भासरे चहाला गेलेले. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि मला पुढं ढकललं, "तू शिकलेली हायस, तू पाह्य." मी पाहिलं. चांगली गुलाबी, धडधाकट पिशवी होती, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला एक गाठ. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. डॉक्टर म्हणाला, "पाहिलं ना, गाठ?" मी, बी.एस्सी. झालेली, प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात आलेली, मी म्हटलं, "हो." आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की गाठ होती, काढली ते बरं झालं. दाण्याएवढी होती हे सात वर्षं कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही.

ती माझ्याकडं पाहत होती. कपाळावर घाम होता, पंखा चालू असताना. आख्ख्या घराला, गल्लीला, डॉक्टरला मी तोंडावर बोलले, देवालाही सोडलं नाही. आता एका बाईला एक खरं उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्या तोंडातून ते निघेना. आता सांगून तिला काय मिळणार होतं? असं मी मनाला सांगितलं. पण तेही खोटंच. खरं सांगितलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, की तू तेव्हा काऊन नाई बोलली, आणि त्याची मला भीती वाटली.

मी म्हटलं, "नाई बाई. तुमची लय मोठी होती. काढाच लागत होती ते."

तिनं मोठा श्वास सोडला. चेहरा असा सैल झाला की मला पाहवेना. सूप पुढं ओढलं आणि डाळ निवडायला लागली.

"बरं झालं इचारलं," ती म्हणाली. "सासूबाई मले बरं वाटावं म्हनून काई बी सांगतीन. तू कोनाचं तोंड पाहून बोलत नाई, म्हनून तुलेच इचारलं."